साठ शब्दांची चोरी

१/
१९७९ सालचे पहिलेच काही महिने. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आहे. तेथील एक तरुण संशोधिका डॉ. हेलेना वाक्सलिख्त-रॉडबार्ड यांच्याकडे त्यांच्या प्रमुखांनी एक टंकलिखित लेख सोपवला. एका वैद्यकीय नियतकालिकाने तो प्रमुखांकडे परीक्षणासाठी धाडला होता. वाचून मत कळवायचे, एवढेच काम. काही पाने वाचताच त्या थबकल्या. लेखावर नावे येल विद्यापीठातील दोन संशोधकांची होती. वाक्ये मात्र त्यांची स्वतःची होती.

२/
ही वाक्ये तोवर कोठेही छापली गेली नव्हती. नोव्हेंबर १९७८ मध्ये रॉडबार्ड यांनी आपला लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’कडे पाठवला होता आणि तो अद्याप संपादकीय फेऱ्यांतच अडकलेला होता. तो वाचलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजता आली असती: सहलेखक, संपादक आणि ज्यांची नावे लेखकाला कधीच कळत नाहीत असे परीक्षक. तेव्हा वाक्ये कोणत्या दाराने बाहेर गेली असतील, हे ओळखायला गुप्तहेराची गरज नव्हती.

३/
मित्रहो, आजचा धागा शोधनियतकालिकांतील वाङ्मयचौर्य आणि ते रोखण्यासाठी गेल्या साडेतीनशे वर्षांत केलेल्या बंदोबस्तांविषयी आहे. आपल्याकडे प्रबंधाचा विषय निघाला की हल्ली पहिला प्रश्न येतो, “किती टक्के आले?” चोरी टक्क्यांत मोजण्याची ही रीत फार अलीकडची. येलच्या लेखात उचललेला मजकूर साठेक शब्दांचा होता. तीन-साडेतीन हजार शब्दांच्या लेखात साठ शब्द म्हणजे फार तर दोन टक्के. आजच्या नियमाने तो लेख निर्दोष ठरला असता. प्रत्यक्षात त्या साठ शब्दांच्या मागे काय दडले होते, ते पुढे येईलच. आधी थोडे मागे जाऊ.

४/
इंग्रजीत वाङ्मयचौर्याला जो शब्द रूढ आहे, त्याचे मूळ लॅटिनमधील ‘प्लागियारियुस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ माणसे पळवणारा, दुसऱ्याचे गुलाम चोरणारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन कवी मार्शल याने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचून दाखवणाऱ्या एका इसमाला हा शब्द लावला. कविता म्हणजे कवीने मुक्त केलेले गुलाम आणि त्यांना कोणी पुन्हा बेडी घालतो आहे, अशी ती कल्पना.

५/
आपल्याकडे हा विचार अधिक बारकाईने झाला. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. (बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजचा हा पहिला ग्रंथ, १९१६ साली छापलेला.) तिचे अकरा ते तेरा हे अध्याय ‘हरणा’ला वाहिलेले आहेत. राजशेखर आधी शब्दहरण आणि अर्थहरण वेगळे करतो आणि मग अर्थहरणाच्या पायऱ्या लावतो. अर्थ सगळा तोच, वाक्यरचना तेवढी निराळी, तो ‘प्रतिबिंबकल्प’. थोडासा संस्कार करून निराळा भासवलेला, तो ‘आलेख्यप्रख्य’. ‘तुल्यदेहितुल्य’ आणि ‘परपुरप्रवेशसदृश’ या त्यापुढच्या पायऱ्या. परक्या शरीरात शिरण्याची उपमा देणारा हा शेवटचा शब्द मला फार आवडतो.

६/
राजशेखराचा रोख कवींवर आहे आणि कवीला तो बरीच सूटही देतो. परंतु शब्द चोरणे आणि अर्थ चोरणे यांत त्याने पाडलेला फरक लक्षात ठेवावा. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांत आपण जे बंदोबस्त उभारले, त्यांतील बहुतेक शब्दहरणाचे आहेत.

७/
विज्ञानात नियतकालिके येण्यापूर्वी शोधाचा धनी कोण, हे सिद्ध करणे जिकिरीचे होते. शोध जाहीर करावा तर दुसरा पळवतो. दडवून ठेवावा तर उद्या दुसऱ्यालाही तोच लागतो. मग विद्वानांनी कोडी रचली. १६१० मध्ये गॅलिलिओने शनीचे निरीक्षण उलटसुलट केलेल्या अक्षरांत लपवून केप्लरपर्यंत पोहोचवले. रॉबर्ट हूकने स्प्रिंगच्या ताणाचा आपला नियम १६७६ मध्ये अक्षरांच्या अशाच जुडग्यात छापला आणि दोन वर्षांनी त्याची उकल केली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तर मोहोरबंद लखोटा ठेवून देण्याची चाल पडली. वाद उद्भवला तर तो फोडायचा आणि तारीख दाखवायची.

८/
६ मार्च १६६५ रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला अंक काढला. आज आपण नियतकालिकाकडे ज्ञानप्रसाराचे साधन म्हणून पाहतो. त्या काळच्या लेखकांना त्यात आणखी एक सोय दिसली: अमुक गोष्ट अमक्याने अमुक दिवशी कळवली, याची छापील नोंद. आपले विचार कोणी लुबाडील ही धास्ती रॉबर्ट बॉइलसारख्या मोठ्या माणसालाही होती. लेखाच्या माथ्यावर ‘प्राप्त दिनांक’ छापण्याची प्रथा आपल्याला आज निव्वळ कारकुनी वाटते. तिच्या मुळाशी ही धास्ती आहे. चोरीचा भरवशाचा बंदोबस्त म्हणजे लवकर आणि उघडपणे प्रसिद्ध करणे, हे सतराव्या शतकाचे उत्तर होते. आणि ते बऱ्याच अंशी चालले.

९/
पुढे या उत्तरात एक टप्पा घुसला. छापण्यापूर्वी लेख दुसऱ्या जाणकाराला दाखवायचा. रॉयल सोसायटीत १८३० च्या दशकात लेखी अहवाल मागवण्याची पद्धत बसली. सर्वत्र ती सक्तीची व्हायला मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला. ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने ती १९७३ मध्ये सरसकट लागू केली. परीक्षक निनावी असतो, विषयातला असतो, म्हणजेच बहुधा लेखकाचा प्रतिस्पर्धी असतो. लेख पाठवल्याची तारीख आणि छापल्याची तारीख यांच्यामध्ये काही महिन्यांचा एक अंधारा बोळ तयार झाला. त्या बोळात तुमचा शोध नेमक्या त्याच माणसाच्या हाती असतो, ज्याला त्याचा सर्वाधिक उपयोग आहे.

१०/
आता पुन्हा बेथेस्डाला. रॉडबार्ड यांचा विषय होता ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे अन्न टाळून शरीर झिजवणारा विकार. अशा रुग्णांच्या तांबड्या रक्तपेशींना इन्सुलिन किती चिकटते, हे त्यांनी मोजले होते. ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने हा लेख ज्या परीक्षकांकडे पाठवला, त्यांपैकी एक होते येलचे डॉ. फिलिप फेलिग, मधुमेह संशोधनातील त्या काळचे मोठे नाव. फेलिग यांनी तो आपल्या हाताखालच्या सहायक प्राध्यापकाकडे दिला. त्या सहायकाचे नाव डॉ. विजय सोमण.

११/
हे नाव वाचून मराठी वाचक दचकेल. होय, सोमण मूळचे पुण्याचे. त्यांचेही काम नेमके याच विषयावर चालले होते. फरक एवढाच की ते तांबड्या पेशींऐवजी मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर मोजमाप करत होते. लेखाबद्दल येलहून प्रतिकूल मत गेले. अन्य परीक्षकांची मते अनुकूल होती, तरी लेख अडकला. दरम्यान सोमण यांनी टंकलिखिताची छायाप्रत काढून ठेवली होती. थोड्याच दिवसांत सोमण आणि फेलिग यांच्या नावाने त्याच विषयावरील लेख ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’कडे गेला. फेलिग तेथे सहयोगी संपादक होते.

१२/
यानंतरचा योग कादंबरीत वाचला तर आपण लेखकाला हसू. दुसऱ्या नियतकालिकाने लेख परीक्षणासाठी कोणाकडे पाठवावा? डॉ. जेसी रॉथ यांच्याकडे, जे रॉडबार्ड यांचे प्रमुख आणि मूळ लेखाचे सहलेखक होते. आणि रॉथ यांनी तो विषयाचा अभ्यास असलेल्या आपल्या सहकारी म्हणून रॉडबार्ड यांनाच दिला. म्हणजे चोरी पकडली गेली ती कोणत्याही व्यवस्थेमुळे नव्हे. संपादकाने दुसरा कोणी परीक्षक निवडला असता, तर हा धागा लिहिण्याचे कारणच उरले नसते.

१३/
रॉडबार्ड यांनी मार्च १९७९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’चे संपादक आर्नल्ड रेलमन यांना तक्रार लिहिली. येलच्या अधिष्ठात्यांनाही कळवले. इथून प्रकरणाचा खरा भाग सुरू होतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावकाश वाचावा असाही हाच भाग. कोणीही, अगदी कोणीही, तक्रार खोटी म्हटली नाही. साठ शब्द उचलले हे मान्य झाले. सोमण यांनीही प्रत समोर ठेवून लिहिल्याचे कबूल केले. पण साठच तर शब्द! इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही अशा संशोधकाने वाक्ये उसनी घेतली. चूक झाली, पण एवढी काय मोठी? येलमध्ये हा अभ्यास आधीपासून हाती घेतलेला होता, हेही पुढे केले गेले आणि त्यात तथ्य होते.

१४/
त्यातून रॉथ आणि फेलिग शाळेपासूनचे मित्र. दोघे भेटले, बोलले. रॉडबार्ड यांचा लेख आधी यावा, येलचा नंतर, असे ठरले. त्याप्रमाणे रॉडबार्ड यांचा लेख एप्रिल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रेय ज्याचे त्याला मिळाले, आता मिटवा, असा सूर होता. सगळ्यांच्या दृष्टीने ही सभ्य तडजोड होती आणि तिला नकार देणारी बाई हट्टी दिसू लागली.

१५/
रॉडबार्ड यांचे म्हणणे निराळे होते. ज्याने वाक्ये चोरली त्याचे आकडे कशावरून खरे? येलच्या लेखातील निष्कर्ष जरा जास्तच सुबक होते. रुग्ण खरोखर तपासले का, नोंदी आहेत का, ते कोणी तरी जाऊन पाहा, एवढीच त्यांची मागणी. राजशेखराच्या भाषेत सांगायचे तर शब्दहरण त्यांना हातात सापडले होते. त्या अर्थाकडे बोट दाखवत होत्या. बाहेरच्या व्यक्तीकडून तपासणी करण्याचे ठरलेही. पण महिन्यांमागून महिने गेले, तपासणी झाली नाही. कंटाळून रॉडबार्ड यांनी त्याच वर्षी संशोधन संस्था सोडली आणि रुग्णालयात काम धरले. जानेवारी १९८० मध्ये येलचा लेख ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापूनही आला.

१६/
त्यांचा तगादा मात्र थांबला नव्हता. फेब्रुवारी १९८० मध्ये, पहिल्या तक्रारीनंतर जवळजवळ वर्षाने, बोस्टनहून डॉ. जेफ्री फ्लायर हे तरुण मधुमेहतज्ज्ञ येलला पाठवले गेले. (हेच पुढे हार्वर्डच्या वैद्यकीय शाखेचे अधिष्ठाता झाले.) त्यांनी फार काही केले नाही. मूळ नोंदवह्या दाखवा म्हणाले. वर्षभर जे कोणालाच सुचले नाही किंवा सुचूनही संकोच वाटला, ते एका भेटीत उरकले. काही नोंदी सापडेनात. ज्या सापडल्या त्या छापील आकड्यांशी जुळेनात. सोमण यांनी आकड्यांत फेरफार केल्याचे कबूल केले.

१७/
मग त्यांचे बाकीचे लेख तपासले गेले आणि डझनाच्या आसपास लेख मागे घ्यावे लागले. सोमण यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात परतले. फेलिग तोवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वैद्यक विभागाचे प्रमुख होऊन गेले होते; काही आठवड्यांतच त्यांना ते पद सोडावे लागले. त्यांनी आकडे बनवले नव्हते. पण जे काम त्यांनी पाहिले नव्हते, त्यावर त्यांचे नाव होते, आणि विश्वासाने हाती आलेले टंकलिखित त्यांनी पुढे सरकवले होते. रॉडबार्ड संशोधनाकडे त्या काळी परतल्या नाहीत. चिकित्सक म्हणून मात्र नावारूपाला आल्या. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्षपदही पुढे त्यांनी भूषवले.

१८/
हे प्रकरण एकटे नव्हते. त्याच सुमारास एलियास अल्साब्ती नावाचा गृहस्थ उघडा पडला. अल्पपरिचित नियतकालिकांतील लेख घ्यायचा, नाव आणि थोडा मजकूर बदलायचा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या तितक्याच अल्पपरिचित नियतकालिकाकडे पाठवायचा, अशी त्याची रीत. अशा रीतीने त्याने डझनावारी लेख छापून घेतले. कॅन्ससमधील एका संशोधकाचा लेख तर परीक्षणासाठी आलेल्या प्रतीवरूनच उचलून जपानमधील नियतकालिकात आधी छापला होता. पुन्हा तोच बोळ.

१९/
मार्च १९८१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्षस्थानी होते तेव्हाचे तरुण प्रतिनिधी अल गोर. विज्ञान स्वतःला आपोआप सुधारते, बोभाटा फार चालला आहे, असा विज्ञानधुरीणांचा पवित्रा होता. गोर यांना तो पटला नाही. १९८५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना तक्रारींची चौकशी करण्याची रीतसर पद्धत ठेवणे भाग पडले. १९८९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय आले आणि १९९२ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. ब्रिटनमध्ये वैद्यकीय संपादकांनी १९९७ साली ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ स्थापन केली. संपादकाकडे तक्रार आली तर पहिले पत्र कोणाला लिहायचे, संस्थेने उत्तर दिले नाही तर काय करायचे, अशा रुक्ष पायऱ्या तिने आखून दिल्या. रुक्ष खऱ्या, पण रॉडबार्ड यांच्या वेळी त्या असत्या तर रेलमन आणि अधिष्ठाता यांच्यात पत्रे टोलवली गेली नसती.

२०/
आणि मग यंत्र आले. २००८ मध्ये प्रकाशकांच्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेने ‘क्रॉसचेक’ सुरू केले. आलेला लेख ‘आयथेंटिकेट’ या प्रणालीतून लाखो छापील लेखांशी ताडून पाहायचा. चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या नियतकालिकाने ते वापरून पाहिले. सुमारे दोन वर्षांत आलेल्या लेखांपैकी ३१ टक्क्यांत गैरवाजवी उचल आढळल्याचे त्याच्या संपादकांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये कळवले. अल्साब्तीचा धंदा यापुढे चालणे कठीण झाले, हे यंत्राचे मोठे श्रेय. ते नाकारण्यात अर्थ नाही.

२१/
भारताला जाग आणणारे प्रकरण २००२ चे. कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंचे नाव असलेला भौतिकशास्त्राचा एक लेख स्टॅनफर्डच्या प्राध्यापक रेनाटा कॅलॉश यांच्या जुन्या लेखावरून उतरवल्याचे उघडकीस आले. स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञांनी, त्यांत नोबेल मानकरीही होते, थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले. चौकशी झाली, २००३ मध्ये कुलगुरूंनी पद सोडले. एका लेखासाठी राष्ट्रपतींपर्यंत जावे लागले, यावरून खालच्या पायऱ्या किती पक्क्या होत्या ते कळते.

२२/
विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले ते २०१८ मध्ये. त्यांत साम्याच्या पायऱ्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, ४० ते ६० असल्यास वर्षभरापर्यंत बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. छापील लेख मागे घेणे, अध्यापकांची वेतनवाढ रोखणे, मार्गदर्शनाला काही वर्षे मनाई हेही आहे. सामान्य ज्ञानाचा सलग १४ शब्दांपर्यंतचा मजकूर मोजणीतून वगळतात. २०१९ पासून ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून विद्यापीठांना तपासणीची प्रणालीही मिळू लागली.

२३/
नियम हवेतच. परंतु आकडा ठरला की माणसे आकड्यासाठी लिहू लागतात. ‘साम्य कमी करून देणारी’ दुकाने विद्यापीठांच्या आसपास कोणी पाहिली नसतील असे मला वाटत नाही. २०२१ मध्ये गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील शोधलेखांतील काही विलक्षण शब्द वेचून दाखवले. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बूझम पेरिल’, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’. दुसऱ्याचा मजकूर शब्द फिरवणाऱ्या प्रणालीतून काढला की असली रत्ने बाहेर पडतात. यंत्राला ती सर्वस्वी नवी वाक्ये वाटतात. राजशेखराने मात्र पाहताक्षणी नाव सांगितले असते: प्रतिबिंबकल्प, अर्थ तोच, रचना निराळी. भाषांतराचेही तसेच. इंग्रजी लेख उचलून मराठीत उतरवला तर टक्केवारी बहुधा शून्याजवळच राहील.

२४/
आणि तो बोळ? तो अजून आहे. २०१६ च्या डिसेंबरात ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये बोस्टनच्या मायकल डॅन्सिंजर यांचे एक अनावृत पत्र छापून आले, आपल्या चोराला उद्देशून. त्यांचा लेख याच नियतकालिकाने नाकारला होता. पुढे तो जवळजवळ शब्दशः दुसऱ्या नियतकालिकात प्रकटला. लेखक वेगळे, आणि रुग्ण युरोपातले म्हणून दाखवलेले. लेखकांपैकी एक जण ‘ॲनल्स’साठी त्याच लेखाचा परीक्षक होता. न छापलेला लेख कोणत्याही संगणकीय संग्रहात नसतो, त्यामुळे तो ताडून पाहायचा तरी कशाशी? डॅन्सिंजर यांना ही चोरी स्वतःच्या डोळ्यांनीच सापडली, जशी ती रॉडबार्ड यांना सापडली होती. फरक आहे तो नंतरच्या वागण्यात. ‘ॲनल्स’च्या संपादकांनी तक्रारदाराला शांत बसवण्याऐवजी स्वतः पाठपुरावा केला, लेख मागे घेतला गेला आणि नियतकालिकाने ही गोष्ट आपल्याच पानांवर छापली.

२५/
गेली काही वर्षे अनेक नियतकालिके लेखासोबत मूळ नोंदी मागू लागली आहेत; विज्ञानातील अनेक विद्याशाखांत छापण्यापूर्वीच लेख दिनांकासह सर्वांसाठी खुला ठेवण्याची प्रथा पडली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ओल्डेनबर्गचेच उत्तर, नव्या वेषात. पहिली म्हणजे फ्लायर यांचा प्रश्न, आधीच विचारलेला. टक्केवारीपेक्षा या दोहोंवर माझा अधिक विश्वास आहे. अर्थात, नोंदी मागितल्या तरी त्या उघडून पाहायला कोणाला तरी वेळ काढावा लागतो, आणि परीक्षणाला मोबदला नसतो, हेही तितकेच खरे.

२६/
इतिहासात नोंदवही म्हणजे काय, असा प्रश्न मला एकाने मागच्या धाग्यावर विचारला होता. आपली नोंदवही म्हणजे तळटीप. दप्तर, रुमाल, कागदाचा क्रमांक. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढली, त्यांत अस्सल कागद छापले म्हणूनच त्यांच्या मतांशी आपण आज भांडू शकतो. आणि आपल्या विषयातील सर्वांत रुळलेली चोरी तळटिपेतच होते. दुसऱ्याच्या पुस्तकातली टीप पाहायची, त्यातला रुमाल क्रमांक उतरवायचा आणि तो कागद आपण स्वतः पाहिला असे भासवायचे. पुस्तकाचा उल्लेख गाळायचा. यात एकही वाक्य चोरलेले नसते. चोरलेले असतात दुसऱ्याने धूळ खात घालवलेले महिने.

२७/
माझ्या एम. ए.च्या प्रबंधिकेचा साम्य-अहवाल ७ टक्के आला होता आणि मी आनंदात होतो. त्याच आठवड्यात रॉडबार्ड यांच्याविषयी वाचले आणि तळटिपा काढून बसलो. अठराव्या शतकातील जकातीवरील प्रकरणात चार टिपा अशा निघाल्या, ज्यांतले कागद मी पाहिलेच नव्हते. एका जुन्या ग्रंथातून जसेच्या तसे क्रमांक घेतले होते आणि ग्रंथाचे नाव लिहायचे राहून गेले होते. राहून गेले होते, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन रुमाल मागवले. तीन कागद मिळाले. चौथ्या क्रमांकावर जकातीचा नव्हे, भलत्याच परगण्यातील इनामाच्या तंट्याचा कागद होता. मूळ ग्रंथकाराचीच नजरचूक असावी किंवा नंतर क्रमांक बदलले असावेत. मी ती चूक माझ्या नावावर छापायला निघालो होतो. आता त्या टिपेत ग्रंथकाराचे नाव आहे आणि पुढे “मूळ कागद या क्रमांकावर आढळला नाही” अशी ओळ. पुन्हा काढलेल्या अहवालातही आकडा ७ टक्केच आला.